स्कोफिल्डची नक्कल घ्यायची? मग आधी काडतूस ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणारे एक मराठी गृहस्थ, नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेले, काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीच्या क्लबात जायला लागले आहेत. त्यांना १८७५ च्या स्मिथ अँड वेसन स्कोफिल्डची इटलीत बनणारी नक्कल .४५ कोल्ट या काडतुसासाठीची घ्यायची आहे. नक्कल कितपत अस्सल आहे, बिजागरीवर मोडून उघडणारी ही रचना टिकते का, बंदुकीची जुन्या पद्धतीची काळी दारू वापरता येईल का, त्यापेक्षा जुनं ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हर बरं का, आणि पुढेमागे नागपूरला परतताना ते सोबत आणता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

माझी हयात आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या, बाकावर गेली. सुरुवातीला इकडच्या सरकारी शस्त्रागारात .३८ वेब्ली आणि एनफिल्ड, नंतर अमेरिकेत बहुतेक सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरं (दर बाराला घोडा, म्हणजे हॅमर, अंगठ्यानं मागे ओढावा लागतो ती) आणि त्यांच्या नकला. तेव्हा सरळच सांगतो: घ्या, चांगली वस्तू आहे. पण तिला ‘जशीच्या तशी’ समजू नका. बाहेरून ती जेवढी जुनी दिसते तेवढी आतून नाही, आणि जिथे बदल केलाय नेमकी तीच जागा तुमच्या काळ्या दारूच्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचं रॉलिन व्हाइटचं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हातात होतं. १८६९ मध्ये ते संपलं, म्हणजे सगळ्यांनाच मैदान मोकळं होणार होतं. त्याच सुमाराला, १८७० मध्ये, कंपनीनं मॉडेल ३ आणलं. वरची लॅच सोडायची, नळी आणि सिलिंडर मिळून पुढे खाली झुकतात, मधली चांदणीच्या आकाराची एक्स्ट्रॅक्टरची चकती वर येते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर. कोल्टमध्ये मात्र दांड्यानं एकेक पुंगळी ढकलत बसा. रशियन सरकार या रचनेवर इतकं खूश झालं की त्यांच्या मागणीवर कंपनीचा कारखाना कित्येक वर्षं चालला. शिवाय त्यांनी बर्लिनच्या लुडविग लोव्हकडून आणि स्वतःच्या तुला शहरातल्या कारखान्यातूनही तसलीच रिव्हॉल्व्हरं बनवून घेतली. टॉप-ब्रेकच्या, म्हणजे अशा मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांच्या, नकला हा आजचा शौक नव्हे. मूळ मॉडेल बाजारात असतानाच त्या निघाल्या, स्पेनमध्ये आणि बेल्जियममध्येसुद्धा.

जॉर्ज स्कोफिल्ड हा अमेरिकन घोडदळातला अधिकारी. त्यानं मॉडेल ३ मध्ये जो महत्त्वाचा बदल केला तो लॅचचा. मूळ लॅच नळीकडच्या भागावर होती, ती वर उचलावी लागे, म्हणजे बहुधा दुसरा हात आला. स्कोफिल्डनं ती मागच्या फ्रेमवर, रिव्हॉल्व्हरच्या घोड्याच्या पुढ्यात बसवली. ज्या हातात रिव्हॉल्व्हर त्याच हाताच्या अंगठ्यानं ती मागे ओढायची, नळी मांडीवर दाबायची, की उघडलं. दुसरा हात लगामावर. सैन्यानं १८७५ मध्ये हे स्वीकारलं आणि १८७७ पर्यंत सुमारे ९,००० नग बनले.

आता काडतूस. सैन्याकडे कोल्ट आधीच होतं, त्याची पुंगळी साधारण ३२.६ मिमी लांब आणि गोळीसकट अख्खं काडतूस जवळजवळ ४०.६ मिमी. स्कोफिल्डचं मूळ सिलिंडर सुमारे ३६ मिमी. हे त्यात मावणारच नाही. शिवाय त्या काळच्या .४५ कोल्टच्या पुंगळीची बुडाकडची कड इतकी अरुंद होती की चांदणीच्या एक्स्ट्रॅक्टरला तिला धड पकडताच येत नसे. कंपनीनं फ्रेम लांब करण्याऐवजी काडतूसच आखूड केलं: २८ मिमीची पुंगळी, रुंद कड. तेच .४५ स्कोफिल्ड. हे काडतूस कोल्टमध्ये चालायचं, कोल्टचं स्कोफिल्डमध्ये चालत नव्हतं. एकाच सैन्यात दोन रिव्हॉल्व्हरं आणि दोन काडतुसं म्हणजे कोठारवाल्यांना डोकेदुखी. शेवटी सैन्याच्या फ्रँकफर्ड आर्सेनल या कारखान्यानं आखूड काडतूसच बनवायला घेतलं, तोवर कोल्टनं आपलं स्थान पक्कं केलं होतं.

म्हणजे स्कोफिल्ड हे आखूड काडतुसाभोवती बेतलेलं रिव्हॉल्व्हर आहे. हे लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आज तुम्ही जी नक्कल घेताय ती बहुधा उबेर्तीची. आल्डो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये उत्तर इटलीत, ब्रेशिया प्रांतातल्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावात ही कंपनी काढली. बेरेटाचंही गाव तेच, आणि २००० पासून उबेर्ती बेरेटाच्याच समूहात आहे. अमेरिकेत दुकानावर नाव आयात करणाऱ्याचं दिसतं, नळीवर नीट वाचलंत तर कारखाना कळतो. काम सुबक असतं. निळसर पॉलिश, अक्रोडाची मूठ, जोडांच्या रेषा बारीक. पण .४५ स्कोफिल्डचं काडतूस दुकानात सहज मिळत नाही आणि .४५ कोल्ट सगळीकडे मिळतं, तेव्हा विकायचं तर .४५ कोल्टमध्येच विकायला हवं. म्हणून सिलिंडर लांब केलं. फ्रेम मात्र त्या प्रमाणात लांब केली नाही. ती केली असती तर रिव्हॉल्व्हर बेढब दिसलं असतं, आणि नकलेचं गिऱ्हाईक तर दिसण्यासाठीच येतं.

मग वाढीव लांबीला जागा कुठून काढली? सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर, मधल्या दांड्याभोवती, मूळ रिव्हॉल्व्हरला एक उंच कॉलर असते, तिला गॅस रिंग म्हणतात. ती जवळपास कापून टाकली.

रिव्हॉल्व्हर हातात घ्या, उघडा आणि सिलिंडरच्या पुढच्या तोंडाकडे आडवं बघा. मूळ नगात ही कॉलर चांगली वर आलेली दिसेल, नकलेत ती तोंडाशी जवळजवळ सपाट. गोळी सिलिंडरमधून नळीत शिरताना मधल्या फटीतून गरम धूर आणि काजळी चारी बाजूंना फवारते. कॉलर उंच असली की हा फवारा तिच्या भिंतीवर आपटतो आणि दांड्यापर्यंत पोचत नाही. कॉलर नसली की सरळ दांडा आणि सिलिंडर यांच्या मधल्या बारीक फटीत शिरतो. बिनधुराच्या दारूला याचं फारसं सोयरसुतक नाही, तिची राख थोडी आणि कोरडी असते. काळ्या दारूचा मळ जाड, चिकट आणि हवेतला ओलावा ओढणारा. दोन-तीन वेळा सिलिंडर भरून उडवलंत की सिलिंडर जड फिरायला लागतं, मग घोडा ओढताना अंगठ्याला जोर लावावा लागतो, आणि शेवटी ते जागच्या जागी अडकतं. दांड्यावर घट्ट ग्रीस चोपडून थोडा वेळ मिळतो, एवढंच.

तेव्हा काळ्या दारूचं उत्तर: या नकलेत नको. क्लबात धुराची मजा हवीच असेल तर कोल्टच्या सिंगल ॲक्शनची नक्कल घ्या, तिच्या सिलिंडरला पुढे आलेली बुशिंग असते आणि ती हेच काम करते. गंमत अशी की जे रिव्हॉल्व्हर काळ्या दारूच्या जमान्यात जन्मलं, त्याचीच प्रतिकृती काळ्या दारूला नको म्हणते.

तुमच्या नकलेत .४५ स्कोफिल्ड काडतूसही खुशाल चालेल, ते आखूडच आहे. धक्काही कमी लागतो, क्लबातल्या लोखंडी पाट्यांना तेवढं पुष्कळ. फक्त आखूड काडतुसं बरीच उडवली की चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या छिद्रात, पुढे काजळीची एक कडी साचते आणि नंतर लांब काडतूस घालताना ते अडतं. ब्रश फिरवला की जाते.

आता ताकद. साध्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम एकसंध असते, वरची पट्टीही त्यातच आलेली. टॉप-ब्रेकमध्ये ती पट्टी मागे लॅचनं आणि पुढे बिजागरीच्या खिळीनं धरलेली. प्रत्येक बारात या दोन जागांना ताण बसतो. आजचं पोलाद जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, म्हणून नक्कल मूळ नगापेक्षा बळकटच, पण रचना बदललेली नाही. .४५ कोल्टचा कमाल दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३८ स्पेशलचा १७,०००, आणि .३५७ मॅग्नमचा ३५,००० ठरवलेला आहे. स्कोफिल्डची नक्कल .४५ कोल्ट आणि .३८ स्पेशलमध्ये मिळते, .३५७ मध्ये का नाही हे त्या आकड्यांवरूनच कळेल. .४५ कोल्टमध्येसुद्धा बाजारात काही खास जोरदार काडतुसं मिळतात. ती रुगरसारख्या जाड फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांसाठी. डब्यावर तशी सूचना असते, ती वाचा. ‘एकदा उडवून बघू’ इथे नको.

दुकानात बघताना मी काय बघतो ते सांगतो. आधी रिकामं असल्याची खात्री. मग बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी, आणि नळी हलकेच वर-खाली. लॅचपाशी खडखड जाणवली तर तो नग बाजूला. नवा असो की जुना, हा खेळ पुढे वाढतच जातो. त्यानंतर घोडा हाफ-कॉकवर, म्हणजे अर्धा मागे, घेऊन, लॅच ओढून सावकाश उघडतो आणि चांदणी कुठवर वर येते, कुठे झटक्यात खाली बसते ते पाहतो. ती शेवटच्या टप्प्यात ‘खट्’ करून परतायला हवी. अर्धवट राहत असेल तर आतल्या दातांत मळ आहे किंवा स्प्रिंग दमली आहे. शेवटी घोडा हळूहळू ओढत सिलिंडर प्रत्येक चेंबरला पक्कं अडकतं का ते सहाही वेळा. या तपासणीला पाच मिनिटं पुरतात. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

उघडण्याची एक सवय लावून घ्या. हळू उघडलंत की पुंगळी चांदणीच्या वर न राहता तिच्याखाली सरकते आणि चांदणी तिच्यावरच येऊन बसते. मग रिव्हॉल्व्हर बंदही होत नाही आणि पुंगळी निघतही नाही. .४५ कोल्टची कड आजही त्या मानानं अरुंद, म्हणून तिथे हे जास्त होतं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, रिव्हॉल्व्हर थोडं कलतं धरून एका दमात उघडायचं, पुंगळ्या आपल्या वजनानं पडतात. आणि क्लबाचा नियम आहेच: पाचच काडतुसं, घोडा रिकाम्या चेंबरवर. जुन्या रचनेच्या सिंगल ॲक्शनला तो नियम घरीसुद्धा पाळा.

अस्सलपणाच हवा असेल तर दुसऱ्या एका नगाकडे बघा. स्मिथ अँड वेसननं स्वतः २००० साली आपल्या परफॉर्मन्स सेंटरमधून स्कोफिल्ड पुन्हा काढलं आणि थोडी वर्षं बनवलं. ते .४५ स्कोफिल्डसाठीच होतं, म्हणून त्याच्या सिलिंडरची मापं मुळाच्या जवळ राहिली. फायरिंग पिन मात्र घोड्यावरून फ्रेममध्ये गेली, त्यामुळे घोड्याचं नाक बघून शुद्धतावादी नाक मुरडतात. माझ्या मते हा बदल चालून जावा, सिलिंडरची लांबी त्याहून जास्त महत्त्वाची. हे आता फक्त जुन्या बाजारात मिळतं आणि किंमत चढी असते. उबेर्तीची न्यू मॉडेल रशियनची नक्कलही येते, ट्रिगर गार्डखाली बोटासाठी आकडा असलेली. .४४ रशियनमध्ये मिळाली तर तीही आखूड काडतुसाची, स्वभावानं शांत. फक्त मुठीवरच्या उंच कुबडामुळे घोड्यापर्यंत अंगठा पोचायला लहान हाताच्या माणसाला पकड बदलावी लागते.

नकलेला मूळ म्हणून खपवण्याचे प्रकार होतात. गार्दोनेतल्या प्रूफ हाउसचे (शस्त्रांची दाब-चाचणी करणाऱ्या संस्थेचे) शिक्के आणि छोट्या चौकटीतली सालाची अक्षरं फ्रेमवर किंवा नळीखाली असतात. ती जागा घासून गुळगुळीत केलेली दिसली की समजा. आणि मूळ स्कोफिल्ड हाती लागलंच तर ते उडवायचं नाही. त्या वेळचं धातूकाम बिनधुराच्या दारूसाठी नव्हतंच.

वेब्लीबद्दल. मला विचाराल तर सगळ्या टॉप-ब्रेकमध्ये लॅच वेब्लीची उत्तम. घोड्याच्या पुढे रिकिबीसारखी कमान, ती वरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी धरते, डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याकडे तिचा दांडा. नीट बसली नसेल तर घोडा त्या कमानीवरच अडतो, काडतुसापर्यंत जातच नाही. १८८७ च्या मार्क १ पासून १९१५ च्या मार्क ६ पर्यंत ब्रिटिश सैन्यानं ही रचना टिकवली, ती काही उगाच नाही. पण अमेरिकेत मिळणाऱ्या मार्क ६ पैकी पुष्कळांचं सिलिंडर मागून कापलेलं असतं, .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस क्लिपमध्ये घालून चालावं म्हणून. एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय, वेब्लीच्या मूळ .४५५ काडतुसासाठी बेतलेल्या रिव्हॉल्व्हरला तो झेपणारा नाही. विकणारा ‘हजारो लोक उडवतात’ म्हणेल. म्हणू दे. न कापलेलं मिळालं आणि .४५५ ची काडतुसं परवडत असतील तरच घ्या. तेही काउबॉय स्पर्धेत चालणार नाही, ते डबल ॲक्शन आहे, ट्रिगर दाबला की घोडा आपोआप मागे जातो. पाकिस्तानातल्या दर्रा आदम खेलकडची हातानं घडवलेली वेब्ली तर फक्त भिंतीवर. त्यांच्यावरच्या शिक्क्यांत इंग्रजी अक्षरंसुद्धा कधीकधी उलटी असतात.

कायद्याकडे येतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं ते ‘अँटिक’, आणि त्याची प्रतिकृती सुटते ती आजचं चालू काडतूस घेत नसेल तरच. तुमची नक्कल .४५ कोल्ट घेते, म्हणजे ती पूर्णपणे आधुनिक शस्त्र. परवानाधारक दुकान, फॉर्म ४४७३, पार्श्वभूमीची तपासणी, सगळं आलं. ग्रीन कार्डवर तुम्हाला अडचण नाही. पण क्लबात तुमच्यासोबत एच-१बी वरचे मित्र येत असतील तर त्यांना स्पष्ट सांगा: तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे अपवाद मोजकेच आहेत. मित्राच्या गाडीच्या डिकीत तुमची बॅग राहिली, एवढ्यावरूनही भानगड होऊ शकते.

आणि नागपूर. प्रवाशाच्या सामानातून शस्त्र आणायला बंदी आहे. कायमचं राहायला परतणाऱ्याला सवलत आहे ती एका शस्त्राची, परवानगी असलेल्या बोअरच्या. ते परदेशात किमान वर्षभर तुमच्या ताब्यात आणि वापरात असायला हवं, आणि आणल्यावर विकता किंवा कुणाला देता येत नाही. त्याआधी इथला परवाना हवा, नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, घरात वडिलोपार्जित बाराबोअर तुमच्या नावावर असेल तर तीही त्यात मोजली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन किंवा कालबाह्य नगाला सूट आहे, पण तो दुरुस्त करूनही उडवता येत नसेल तरच. चालू स्थितीतली नक्कल त्यात बसत नाही.

समजा सगळे कागद जुळले. तरी काडतूस कुठून आणणार? आपल्या सरकारी कारखान्यांत नागरिकांसाठी .३२, .२२, .३१५, बाराबोअर बनतं, .४५ कोल्ट नाही. रिव्हॉल्व्हर येईल आणि कपाटात उपाशी बसेल.

खरं तर टॉप-ब्रेकची हौस भारतात भागवणं अमेरिकेपेक्षा सोपं आहे. तिकडे ती जुन्याची नक्कल म्हणून बनते, आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात ती कधी जुनी झालीच नाही. तिथलं आयओएफ (इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरीज) .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ च्याच वळणाचं, तीच मोडणारी नळी, तीच कमानीची लॅच. लष्कराचं .३८० काडतूस नागरिकांना बंद, म्हणून १८९६ चं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग त्यात घातलं. कमी दाबाचं आहे, बिजागरीला सुखाचं. २०१४ मध्ये आलेलं सुमारे ५०० ग्रॅमचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही टॉप-ब्रेकच होतं. २०२० मध्ये खुद्द वेब्लीच्या नावानं उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या सांडिल्याला .३२ मार्क ४ बनायला लागलं. कानपूरनं २०२३ मध्ये बाजूला सिलिंडर उघडणारं ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर काढलं, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकांचा ओढा तिकडे वळतोय.

तेव्हा माझा सल्ला: टेक्सासात आहात तोवर .४५ कोल्टमधली स्कोफिल्ड घ्या, सात इंची नळीची. पाच इंची हातात सुटसुटीत वाटते, पण नेम धरताना पुढची माशी जितकी लांब तितकं बरं. हलकी बिनधुराची काडतुसं वापरा, परतायच्या आधी क्लबातच कुणाला रीतसर परवानाधारक दुकानामार्फत विकून टाका. या नकलांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक असतं, लॅच घट्ट असेल तर भाव फारसा पडत नाही. मूळ डबा आणि कागद जपून ठेवा.